लॅपटॉप विकणे आहे

प्रणितानं जाहिरात टाकली ती शनिवारी सकाळी, पोहे परतता परतता. चार फोटो आणि दोन ओळी: "लॅपटॉप विकणे आहे. घरगुती वापर, उत्तम स्थिती." ऑफिसनं तिला नवा लॅपटॉप दिला होता आणि जुना कपाटात पडून होता. हिमायतनगरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिला कपाटातल्या जागेची किंमत जास्त होती. संध्याकाळपर्यंत तो जाईल आणि आपण सुटू, असा तिचा अंदाज.

दुपारपर्यंत चाळीसएक निरोप आले. "है क्या?" "लास्ट बोलो." एकानं बदल्यात मिक्सर देऊ केला. एकजण म्हणे फौजेत होता, पैसे आधीच पाठवायला तयार होता, तिनं फक्त एक कोड स्कॅन करायचा होता. हा प्रकार तिला माहीत होता, तिनं त्याला तिथंच बंद केलं. आपल्याला कुणी सहजासहजी फसवू शकत नाही, असं नवऱ्याला, चेतनला, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालीसुद्धा.

संध्याकाळी मात्र निरोप न येता सरळ फोन आला.

"मी भारती उमरीकर बोलते, काचीगुड्याहून. लॅपटॉप तुमचाच का?"

"हो मावशी."

"तुम्ही नवा घेतला होता की जुना?"

प्रणिता अडखळली. "जुनाच. दोन वर्षांपूर्वी."

"म्हणजे मी तिसरी मालकीण. बिल आहे?"

"बघावं लागेल."

"बघून ठेवा. उद्या दहाला येते."

बिल नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी नारायणगुड्याच्या मेट्रो स्टेशनखाली एका हसऱ्या तरुणानं तो तिच्या हाती ठेवला होता. "सब सेट करके दिया मॅडम, बस चालू करो," असं तो म्हणाला होता, आणि तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

भारतीबाई दहाला दहा कमी असताना आल्या. तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सुती साडी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत वही. पाचसहा मुलांची शिकवणी त्या घरून ऑनलाइन घ्यायच्या, पण फोनवर मुलांनी दाखवलेले आकडे मुंग्यांएवढे दिसायचे, म्हणून लॅपटॉप हवा होता. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि कळफलकावरची एकेक कळ दाबायला सुरुवात केली. सगळ्या कळा. मग बिजागरी उघडमीट करून पाहिली. मग खालून हात लावून तापतो का ते पाहिलं, पंख्याला कान लावला, कॅमेऱ्यात स्वतःकडे पाहून पदर सारखा केला.

"बॅटरी किती चालते?"

"तीन तास," प्रणिता म्हणाली.

"बघू." त्यांनी चार्जर काढला आणि हात बांधून बसल्या.

प्रणिताला वाटलं, पाच मिनिटांचं काम असेल. अर्ध्या तासानं तिच्या लक्षात आलं की बाई बॅटरी संपेपर्यंत उठणार नाहीत. कुकर लावायचा राहिला होता. चेतन आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता. बाईंनी तिचं माहेर बिदरचं असल्याचं काढून घेतलं, लग्नाच्या फोटोतले व्याही ओळखले, भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं असल्याचं सांगितलं. एक तास दहा मिनिटांनी पडदा काळा झाला.

"तीन तास म्हणालात."

"पूर्वी चालायची हो."

"मग विकताय ती पूर्वीची की आत्ताची?"

प्रणितानं किंमत उतरवली. बाईंनी वहीत लिहून घेतलं, चहाचा कप स्वतः विसळला आणि विचार करून सांगते म्हणून निघून गेल्या. दार लावताना प्रणितानं ते जरा जास्तच जोरात लावलं.

पुढच्या रविवारी बाई परत आल्या. या वेळी 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं होतं.

"घेते मी. पण आधी तुझं सगळं पुसून दे. माझ्यासमोर. आणि नेट लावून ठेव."

"नेट कायको मावशी? नेटशिवाय पण होतं."

"होत असेल. मला नेट लावून बघायचंय. माझ्या भाच्यानं बजावून सांगितलंय."

वाद घालण्याची ताकद प्रणितात उरली नव्हती. तिनं नेट जोडलं, सगळं पुसून नव्यानं सुरू करायची आज्ञा दिली. सव्वा तास लागला. दोन चहा झाले. तिसरा ठेवावा की नाही या विचारात ती उभी असताना लॅपटॉपनं आवाज केला आणि पडद्यावर एका बड्या कंपनीचं चिन्ह उमटलं. खाली इंग्रजीत ओळ होती: हे यंत्र कंपनीच्या मालकीचं आहे, कंपनीचं खातं आणि पासवर्ड वापरून आत या.

"ही कुठली कंपनी?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुझ्या ऑफिसची?"

"नाही हो!"

तिनं बंद करून पुन्हा चालू केला. तेच. पुन्हा केला. तेच. चेतन अखेर खोलीतून बाहेर आला, मागं उभा राहिला आणि म्हणाला, "तू काहीतरी चुकीचं दाबलंस." प्रणितानं मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं की तो स्वयंपाकघरात जाऊन चहा करू लागला.

बाईंनी वही मिटली. "मग हा मला घेता येणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. तो शांतपणाच प्रणिताला सहन झाला नाही.

"मावशी, तुम्ही पुसायला लावलं नसतं तर चालत होता हा! सकाळपर्यंत चालत होता!"

"चालत होता," बाई म्हणाल्या, "पण तुझा नव्हता."

त्या गेल्या. प्रणिताला त्यांचा भयंकर राग आला होता. त्या चुकल्या असत्या तर तो इतका आला नसता.

मेट्रोखालच्या त्या हसऱ्या तरुणाचा नंबर अजून फोनमध्ये होता. तो अस्तित्वात नसल्याचं तिला तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत ऐकवण्यात आलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती आबिड्सच्या मागच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेली. त्यानं एका नजरेत ओळखलं.

"कंपनी का लॉक है मॅडम. निकलता नै, छुपता है."

"म्हणजे?"

"सेट करते वक्त नेट नक्को लगाओ. चुपचाप चलता. जिसने तुमको दिया, उनेच ऐसाच करा होंगा." तो अगदी सहज बोलत होता, शर्टाचं बटण लावून द्यायचं असावं तसं. "करके देऊं? पंधरा मिनिट."

प्रणिता गल्लीत उभी राहून विचार करू लागली, कारण त्याच दुपारी अफझलगंजच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. रामचंद्र नाव. कॉलेजात गेलेल्या मुलीसाठी लॅपटॉप हवा होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "सुरू होतो ना? बस मग, माणूस पाठवतो." पंधरा मिनिटांत हा सुरू झाला असता. कपाट मोकळं झालं असतं. पुढं कधीतरी त्या मुलीनं तो पुसला असता आणि तिच्यासमोर तेच चिन्ह उमटलं असतं, पण तेव्हा प्रणिताचा नंबर बदललेला असता. आपण नंबर बदलण्यापर्यंत पोचलो हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. तिनं लॅपटॉप पिशवीत घातला, दुरुस्तीवाल्याला नको म्हणाली आणि तिथूनच रामचंद्रांना फोन लावला.

"काका, तो लॅपटॉप देता येत नाही. त्याला कंपनीचं कुलूप आहे."

"मग थोडे कमी करा की!"

"कमी करायचा प्रश्न नाही हो. तो माझा नाहीच."

"मग कुणाचा?"

"कंपनीचा."

"मग जाहिरात तुमची कशी?"

रामचंद्रांनी तिला चांगल्या घरच्या बाईनं असं करू नये, असं ऐकवून फोन ठेवला. त्यांनाच फसवायचं नाही म्हणून फोन केला होता, आणि बोलणी मात्र तिला बसली. तिनं रस्त्यातच जाहिरात काढून टाकली.

पुढचे नऊ दिवस कंपनीत गेले, म्हणजे कंपनीच्या फोनमध्ये. पहिल्या बाईनं कर्मचारी क्रमांक विचारला. प्रणिता म्हणाली, मी कर्मचारी नाही. मग तक्रार नोंदवता येत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्यानं तिला पासवर्ड बदलण्याची पद्धत समजावली. तिसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तिला परत पहिलीकडं जोडलं. भारतीबाईंचा फोन दिवसाआड येत होता, तो ती उचलत नव्हती. चेतन म्हणाला, "दे ना फेकून." ती म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू कशी फेकू?" आणि हे वाक्य आपण इतक्या चिडून का बोललो याचं तिलाच नवल वाटलं. शेवटी तिनं लॅपटॉपच्या पोटावरच्या क्रमांकाचा फोटो काढून कंपनीच्या पत्त्यावर पाठवला, तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं: शुक्रवारी आणून द्यावा.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून ती हायटेक सिटीला गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी तपासली.

"लॅपटॉप अंदर लेके जाना तो गेटपास होना मॅडम."

"मला तो आत सोडायचाच आहे. परत आणायचा नाही."

"तो बाहर से लाया उसका पास होना."

"तो तुमचाच आहे!"

"मेरा कायको होंगा मॅडम?" तो दुखावला गेला.

पाऊण तास ती उन्हात उभी राहिली. मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस हातात कागद घेऊन आला. ओळखपत्रावर उदय असं नाव होतं. तो लातूरकडचा निघाला, त्यामुळं निदान बोलणं तरी मराठीत झालं. लॉकडाउनच्या काळात एका कर्मचाऱ्याला हा लॅपटॉप घरी दिला होता, त्यानं नोकरी सोडली आणि परत केलाच नाही, असं उदयनं सांगितलं. मग कागदावर पेन टेकवलं.

"चार्जर?"

"हा घ्या. पण तो बाजारातला आहे."

"माऊस?"

"माऊस नव्हता."

"बॅग?"

"कसली बॅग?"

"लॅपटॉपबरोबर बॅग दिली होती. काळी."

"अहो भाऊ, मी हा विकत घेतला होता. मला फसवलं कुणीतरी. माझे पैसे गेले ते गेलेच, रजा टाकून मी परत आणून देते आहे. मला बॅग कुठली विचारता?"

"ते समजलं मॅडम. पण फॉर्ममध्ये रकाना आहे."

"मग 'नव्हती' लिहा."

उदयनं कागद तिच्यासमोर धरला. "नव्हतीचा पर्याय नाही. 'जमा' किंवा 'हरवली'."

प्रणितानं त्याच्या हातातलं पेन घेतलं. त्यानं 'हरवली'पुढं खूण केली होती. तिनं त्या खुणेला वळसा घालून समासात मराठीत लिहिलं, "ही बॅग मी कधी पाहिलेली नाही," आणि खाली सही केली, तारखेसकट. उदयनं ते वाचलं आणि मान डोलावली.

"यात आता अडचण येईल का?" तिनं विचारलं.

"येणार नाही," तो म्हणाला. "मराठी इथं कोण वाचतंय?"

पोच घेऊन ती मेट्रोच्या जिन्याशी आली. पोचेवर तिच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, पण परत जाऊन ते दुरुस्त करून घेण्याचा विचारसुद्धा तिला नको होता. पिशवी हलकी झाली होती. बरं वाटायला हवं होतं, पण भूक लागली होती आणि डोकं दुखत होतं. फोन वाजला. भारतीबाई. या वेळी तिनं उचलला.

"मावशी, तो लॅपटॉप कंपनीला परत दिला. संपलं."

"छान केलंस. त्याचं काय केलंस तेच विचारायला फोन करत होते, तू उचलत नव्हतीस. मी नवाच घेतला गं परवा."

"नवा?"

"हप्त्यांवर. तुझा तो सगळा प्रकार बघितला आणि म्हटलं, या वयात ही परेशानी कशाला?"

प्रणिता जिन्यातच थांबली. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून वर जाऊ लागली. "म्हणजे माझे दोन रविवार?"

"वाया गेले," बाई म्हणाल्या. "माझेही गेलेच की." मग त्याच दमात, "पण नव्याचं मला काही उमगत नाहीये. मुलं दिसतात, आवाज येत नाही. येऊन बघतेस का जरा?"

प्रणितानं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"रागावलीस का गं?"

"हो," प्रणिता म्हणाली. "खूप."

"मग उद्या ये आणि इथं रागाव. फोनवर मला नीट ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रणिता गेली नाही. घरातच लोळत राहिली, चेतननं दोनदा विचारलं तरी उठली नाही. रविवारी गेली. आवाज बाईंनी स्वतःच बंद करून ठेवला होता.