बादलीतलं जेवण

माझा पुतण्या क्रेन चालवतो. बांधकामाच्या डोक्यावर काचेची केबिन, आत एक खुर्ची आणि दोन दांडे. सकाळी शिडीने चढला की उतरतो संध्याकाळीच. मध्ये उतरला तर खालची माणसं हात बांधून उभी राहतात आणि मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुटतो. म्हणून त्याला लागेल ते बादलीत घालून दोराने वर जातं. बादली बांधायचं काम माझं. खालचे त्याला ‘राजे’ म्हणतात.

मागच्या तपासणीत या राजांचा रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालायचं. नाहीतर पुढच्या वेळी क्रेनचा परवाना मिळणार नाही. त्याचा बाप, माझा थोरला भाऊ, भर तरुणपणी हृदयविकाराने गेला. त्याची बायको, आमची सूनबाई, रोज अळणी डबा करून माझ्या हातात देते. डबा रिकामा परत यायचा. मी निश्चिंत होतो.

त्या दुपारी बादली उचलली तर जड लागली. फडकं बाजूला केलं. डब्याखाली तळलेल्याचा तेलकट पुडा आणि सिगारेटचं पाकीट, त्याच्या सांगण्यावरून खालच्या कुणीतरी गुपचूप ठेवलेलं. वर पाहिलं, तर केबिनच्या खिडकीशी कबुतरांची झुंबड. डबा कोण खात होतं ते कळलं.

मी दोराची गाठ सोडली.

“काका, बादली?” वॉकीटॉकीतून आवाज आला.

“खाली ये. इथे बसून जेव.”

“मुकादम मला कच्चा खाईल.”

“आधी माझी हाडं चघळू दे त्याला.”

तो हसला नाही. “इथे चालायचं कुठे, काका? उभं राहिलं तर डोकं आपटतं. ओढायचं आणि खायचं, एवढंच होतं इथे.”

“शिडी आहे ना.”

मग त्याने क्रेनला लटकलेलं ओझं जमिनीवर टेकवलं, केबिनला कुलूप लावलं आणि उतरू लागला. अर्ध्यावरच्या फळीवर बसला तो बसलाच.

“राजे, दरबार तिथेच भरला का?” मुकादम ओरडला.

मी डबा घेऊन चढलो. पोराच्या कपाळावर घाम होता.

“दम लागला?”

“रोजच लागतो. चढताना फोन बघायला थांबतो ना, ते नाटक. फोन बंदच असतो.”

“छातीत दुखतं?”

“आज दुखतंय. डॉक्टरीणबाईंना सांगू नका, काका. क्रेन गेली तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही.”

वर कुलूपबंद केबिन, खाली कमरेवर हात ठेवून उभा मुकादम. मधल्या त्या फळीवर आम्हा दोघांना नीट पाय पसरायलाही जागा नव्हती.

“केबिनची किल्ली दे,” मी म्हणालो.

“जेवू तरी द्या.”

“जेवण नंतर. आधी दवाखाना.”

त्याने खिशातून किल्ली काढली, पण सोडेना. मीही हात मागे घेतला नाही. शेवटी त्याची बोटं सैल झाली. मी मुकादमाला ओरडून त्याला उतरवायला दोन माणसं वर पाठवायला सांगितलं. तोपर्यंत पोराच्या पाठीला हात लावून बसलो.