ईस्टरच्या आठवड्यात भाड्याने गेलेली भट्टी

मित्रांनो, त्या निळ्या तलावापलीकडे, ऑलिव्हच्या झाडाखाली, काळ्या तोंडाची आणि डोक्यावर कौले घेतलेली जी दिसते ना, ती मी. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून हसतात आणि फोटो काढून घेतात. काढू देत बापडे. पण मी शोभेसाठी जन्मले नव्हते. मी पावाची भट्टी आहे आणि माझी नव्वदी उलटली आहे.

उम्ब्रिया प्रांतातल्या या टेकडीवर मला सेत्तिमिओ नावाच्या शेतकऱ्याने बांधले. विटा गावच्या वीटभट्टीतल्या, माती याच शेतातली. मातीत त्याने पेंढा कालवला आणि बायकोशी भांडत, शिट्ट्या वाजवत तीन आठवड्यांत माझा घुमट उभा केला. पहिला महिनाभर त्याने माझ्यात नुसत्या काटक्या पेटवल्या. "हिला हळूहळू शिकवायचं," म्हणायचा. तो गेला, त्याचा मुलगाही गेला, पण त्याची सून एर्सिलिया राहिली. माझे खरे आयुष्य तिच्या हाताखाली गेले.

दर दहा दिवसांनी ती माझ्यात बिनमिठाचा पाव भाजायची. पण माझा मोठा दिवस म्हणजे ईस्टरच्या आधीचा शुक्रवार. त्या दिवशी चीजचे पाव व्हायचे. ढीगभर अंडी, मेंढीच्या दुधाचे किसलेले चीज, भरपूर मिरी. मळलेले पीठ उंच पत्र्याच्या डब्यांत घालून लोकरीच्या घोंगडीत गुंडाळायचे आणि ते काठापर्यंत फुगेस्तोवर दार आपटायचे नाही. आळीतल्या सगळ्या घरांचे डबे माझ्याकडेच यायचे. भाजलेला पाव रविवारी सकाळी कापायचा, तोवर कुणी तुकडा तोंडात घालायचा नाही.

"माझा डबा मागे ढकललास ना?" शेजारची पिएरिना कटकट करायची. "गेल्या वर्षी तुझा सोनेरी आणि माझा कोळसा!"

"तुझं पीठच आळशी, त्याला भट्टी काय करील?" एर्सिलिया म्हणायची.

मी आतून काजळीने काळी असते. नीट तापले की काजळी जळून जाते आणि माझा घुमट पांढरा होतो. इथे घुमटाला आभाळ म्हणतात. एर्सिलियाचा मुलगा ओरेस्ते लहानपणी माझ्या तोंडात डोकावून ओरडायचा, "आई, आभाळ उजळलं!" मग ती निखारे ओढून बाहेर काढायची, ओल्या फडक्याने तळ पुसायची, डबे आत सारायची. झाकण लावून मला आपली आपण निवू द्यायची. माझ्यात पाणी ओतायचे नाही, हे या टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

सात वर्षांपूर्वी ओरेस्तेने घराचा कायापालट करायचे ठरवले. गाईंच्या गोठ्याच्या जागी काचेच्या भिंतींचा दिवाणखाना आला. कोबीच्या वाफ्यांत तलाव खणला. सुट्टीवर येणाऱ्यांना घर आठवड्याने भाड्याने द्यायचे, शनिवार ते शनिवार. मी त्याला दोष देत नाही. शेती परवडत नव्हती आणि छप्पर गळत होते. एर्सिलिया गावात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. जाताना तिने माझ्या तोंडावर हात ठेवून मुलाला विचारले, "आणि हिचं काय?"

"अगं, वर्षभर घर पाहुण्यांचं, पण ईस्टरचा आठवडा तुझा. शब्द देतो."

त्याने पाच वर्षे शब्द पाळलाही.

आता मला जे सांगायचे आहे त्याची लाज वाटते. ओरेस्तेने घराच्या जाहिरातीत माझा फोटो टाकला होता. पाहुणे आले की काचेचा दिवाणखाना सोडून आधी माझ्याकडे धावायचे. मी हुरळले, हो! गाईगुरे गेली, कोबी गेला, पण माझा मान वाढला असे मला वाटायचे. आणि माझ्या त्याच फोटोने घात केला.

सहाव्या वर्षी मार्चमध्ये ओरेस्ते तलावातली पाने काढत फोनवर आईशी बोलत होता. आवाज मोठा करून फोन त्याने माझ्या कट्ट्यावरच ठेवला होता.

"आई, ऐक ना. या ईस्टरला हॉलंडची माणसं येतायत. भट्टीचा फोटो बघूनच घर घेतलंय त्यांनी. नाही कसं म्हणू?"

"आणि माझे अकरा डबे कुठे भाजू? तुझ्या टाळक्यावर?"

"तुझ्याकडे ओव्हन आहे की."

"त्यात एक डबा मावतो, तोही मान वाकवून."

"बरं, असं कर. शुक्रवारी ती दिवसभर बाहेर जाणारेत. तू सकाळी ये आणि दुपारपर्यंत उरकून घे."

"माझ्याच दारात मी चोरासारखी येऊ?" तिकडे भांडे आपटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येते. आळीला शब्द दिलाय. आणि या वेळी तूही पीठ मळायला माझ्याकडे ये. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालास, शिकून घे. माझी मनगटं दुखतात आता."

"पुढच्या वर्षी नक्की," ओरेस्ते म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी पाहुण्यांनी माझ्यात पिझ्झे भाजले. बाई होती आन्के, हसरी. तिचा नवरा शांत. वाईट माणसे नव्हती ती, उलट फार नेमस्त. जेवण झाल्यावर आन्केने घराची माहितीपुस्तिका उघडली. ओरेस्तेने ती दुसऱ्यांच्या घरांचे नियम पाहून लिहिली होती. त्यात एक ओळ होती, 'वापरानंतर विस्तव भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवावा.' त्यांनी नियम पाळला. धगधगत्या माझ्या पोटात तीन बादल्या पाणी ओतले. तडाड् आवाज झाला. तळ फुटला आणि घुमटाच्या चार विटा खाली आल्या. मित्रांनो, ती वेदना मला अजून सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी पिएरिनाच्या तीनचाकी टेम्पोतून घोंगडीत गुंडाळलेले अकरा डबे आले. पाहुणे निघायच्या तयारीत होते, ओरेस्तेही आला होता. एर्सिलियाने माझ्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. हातावर काळा चिखल होता.

"कुणी केलं हे?"

आन्के गोरीमोरी झाली. तिला येईल तेवढ्या भाषेत म्हणाली, "आम्ही... पुस्तकात लिहिलंय तसंच." तिने ते पान पुढे केले.

एर्सिलियाने चष्मा लावून ओळ वाचली आणि पुस्तिका ओरेस्तेच्या हातात दिली. "छापलंयस मात्र सुंदर."

"आई, मी... सगळीकडे असंच लिहितात गं."

"सगळीकडे सेत्तिमिओची भट्टी असते का? तू हिच्यासमोर वाढलास ना रे?"

ओरेस्ते पुस्तिकेची पाने उलटत राहिला. घोंगडीखाली पीठ मात्र कुणासाठी थांबत नव्हते. आन्केने बाहेर जाणे रद्द केले, बाह्या सावरल्या आणि सगळेजण डबे उचलून घरात धावले. आत चकचकीत ओव्हन होता. त्यात दोनच डबे मावले. इतक्यात तलावाचे पाणी तापवणारे यंत्र सुरू झाले आणि घराची वीज गेली. वीज येईपर्यंत पाऊण तास गेला. आतले दोन पाव फिके झाले. बाहेरचे नऊ डबे उतू गेले आणि मग खाली बसले.

"माझ्या कोंबड्यांचा ईस्टर छान होणार," पिएरिना म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

एर्सिलियाने दोन पाव फडक्यात बांधले. आन्के रडत होती. तिच्या गालावर पिठाचा हात ठेवून एर्सिलिया म्हणाली, "तुझी चूक नाही, पोरी." मुलाकडे न बघता ती टेम्पोत बसली. त्या रविवारी आळीतल्या घरांना एकेक काप आला. आणि एर्सिलिया पुन्हा माझ्याकडे आली नाही. नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी चालू असताना ती गेली.

त्या हिवाळ्यात ओरेस्तेने म्हातारा गवंडी शोधून आणला. त्याने जुनी माती कालवली, नव्या विटा बसवल्या. महिनाभर ओरेस्तेने स्वतः माझ्यात काटक्या पेटवल्या. पुस्तिकेतली ती ओळ खोडली. ईस्टरचा आठवडा कुणालाही दिला नाही.

शुक्रवारी त्याने पहाटेपासून मला तापवले. घुमट पांढरा झाला, निखारे ओढून झाले, तळही पुसून झाला. मग आईच्या वहीतून पाहून मळलेल्या पिठाचा एक डबा त्याने आत सारला. पिएरिना काठी टेकत आली. पाव बाहेर निघाला तो आखडलेला, दगडासारखा.

"पीठ किती घट्ट ठेवायचं असतं, पिएरिनामावशी? तुम्हाला तर माहीत असेल."

"मला? अरे, मी आयुष्यभर तिलाच विचारत आले. ती बोट खुपसून बघायची आणि सांगायची, झालं."

ओरेस्ते माझ्या कट्ट्यावर बसला आणि मी पूर्ण निवेपर्यंत उठला नाही. माझी धग त्या दिवशी अगदी नेमकी होती. अकरा डबे सहज भाजले असते मी.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. आमचे फोटो काढा, पण आम्हाला कामही द्या. आणि ज्यांना आम्हाला वापरता येते, ते बोलावतील तेव्हा बाह्या सावरून त्यांच्याजवळ उभे राहा, 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. माझ्या विटा गवंड्याने नव्या बसवल्या. एर्सिलियाचे बोट कोणता गवंडी बसवून देणार?