नाव घेण्यास हरकत

मी शाळेच्या विद्यार्थी सभेची अध्यक्ष झाले ती आजोबांमुळे, आणि हे मी सगळ्यांना सांगत सुटते. दोन वर्षांपूर्वी वर्गात उभं राहायचं म्हटलं तरी माझं त-त-प-प व्हायचं. आता मला गप्प करायला घंटा वाजवावी लागते.

आजोबा पुस्तकबांधणी करायचे. छापखान्यातल्या कामगारांच्या संस्थेचे ते एकोणीस वर्षं अध्यक्ष. सभा कशी चालवायची हे त्यांनी मला जेवताना शिकवलं.

"सभेत नाव नाही, नातं नाही. भांडण कुणाशीही असो, तोंड अध्यक्षांकडे. 'तू खोटं बोलतोस' असं म्हणायचं नाही. म्हणायचं, अध्यक्षमहोदय, सन्माननीय सदस्यांची माहिती अपुरी आहे."

"म्हणजे तेच ना?"

"तेच. पण खुर्च्या फेकल्या जात नाहीत."

गेल्या वर्षापासून आजोबा घरातही तसंच बोलायला लागले. आईला म्हणायचे, "सन्माननीय सदस्या, चहाचा ठराव मांडू का?" आणि बाबांना, "सन्माननीय सदस्यांनी दार लावून घ्यावं." आम्ही हसून हसून बेजार! मी तर मुद्दाम हात वर करून अनुमोदन द्यायचे. आजोबांनी कुणालाच नावानं हाक मारली नाही त्याला किती महिने झाले, हे मोजायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

परवा संस्थेची वार्षिक सभा होती. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसायचा पास मिळवला होता. दारातच जुळारीआजोबा भेटले. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, शेजारच्या टेबलावर आमचे आजोबा पुस्तकं शिवायचे. पन्नास वर्षं. सभेबाहेर दोघांचं सगळं अरे-तुरे. आज जुळारीआजोबा संस्थेतून निवृत्त होणार होते.

"काय गं वटवटे, आजोबांना सोडायला आलीस की सभा उधळायला?"

"प्रेक्षक आहे मी. रीतसर."

"मग कान उघडे ठेव. आज तुझा आजोबा माझं नाव घेणार." त्यांनी इस्त्रीची कॉलर उगाच पुन्हा दाबली. "वर्ष झालं. भेटलो की नुसतं 'या, सन्माननीय!' मी म्हटलं, अरे, मी काय मंत्री आहे? तर हसतो. आज सुटका नाही त्याची."

संस्थेची रीतच तशी होती. निवृत्त होणाऱ्याच्या निरोपाच्या ठरावात नावाची जागा कोरी सोडतात. ती अध्यक्षांनी उभं राहून, मोठ्यानं नाव घेऊन भरायची. सदस्याचं नाव सभागृहात घेतलं जातं ते त्या एकाच वेळी.

सभा सुरू झाली आणि माझी छाती फुगली. काय चालवली त्यांनी! शाईच्या वासावरून दोन सदस्य हमरीतुमरीवर आले. एकजण ओरडला, "ह्याला विचारा, खिडक्या कोण बंद करतं!" आजोबांनी नुसतं बोट वर केलं. "'ह्याला' नावाचे सदस्य आमच्या यादीत नाहीत." सगळं सभागृह हसलं, भांडणारेसुद्धा. मी शेजारच्या बाईंना सांगून टाकलं, "माझे आजोबा!"

मग सचिवबाईंनी निरोपाचा ठराव वाचला आणि कोऱ्या जागेशी थांबल्या. जुळारीआजोबा उभे राहिले. आजोबाही उभे राहिले.

"आमचे... सन्माननीय..."

ते थांबले. सगळे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते. आजोबांची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती, शिवलेल्या पुस्तकाचा दोरा चाचपावा तशी. त्यांनी जुळारीआजोबांकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग छताकडे. मला वाटलं, गळा दाटून आला असेल.

मला ते तीन अक्षरी नाव येत होतं. मी ओठांनी, आवाज न करता ते म्हटलं, दोनदा. आजोबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी मान झुकवून मंद हसून दाखवलं, पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात तसं.

आजोबा आम्हा दोघांनाही ओळखत नव्हते, जुळारीआजोबांना आणि मला.

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या की नाव, अध्यक्ष!"

मी उभी राहिले. "अध्यक्षमहोदय, हरकतीचा मुद्दा!"

"अगं ए, प्रेक्षकांना बोलता येत नाही! बाहेर काढा हिला!" एक सदस्य ओरडला.

"नियमावलीप्रमाणे सभागृहात सदस्याचं नाव घेता येत नाही." माझा आवाज फाटला होता. "नाव घ्यायची रीत आहे, नियम नाही. नाव घेण्यास माझी हरकत आहे."

आजोबांचा चेहरा उजळला. ही वाट त्यांच्या पायाखालची होती. "मुद्दा ग्राह्य आहे," ते खणखणीत म्हणाले.

जुळारीआजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. वर्षभर वाट बघितलेली गोष्ट मी त्यांच्या हातातून ओढून घेतली होती. त्यांनी आजोबांच्या बोटांकडे पाहिलं, खूप वेळ. मग समोर तोंड करून म्हणाले, "अध्यक्षमहोदय, सन्माननीय प्रेक्षकांचं बरोबर आहे. मला सदस्यच राहू द्या."

सचिवबाईंनी कोरी जागा तशीच ठेवून ठराव मंजूर लिहिला. टाळ्या वाजल्या. जुळारीआजोबा खाली बसले आणि रुमाल शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

निघताना जुळारीआजोबा जिन्याशी उभे होते. आजोबांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "येतो, अध्यक्षमहोदय." माझ्या डोक्यावर टपली मारली आणि भराभर उतरून गेले.

आम्ही दोघं सावकाश उतरलो. आजोबांनी माझं कोपर धरलं होतं.

"मुद्दा नेमका होता," ते म्हणाले. "कुणी शिकवलं आपल्याला?"

"माझ्या आजोबांनी."

"भाग्यवान आहात. त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगते, अध्यक्षमहोदय," मी म्हटलं, आणि पुढची पायरी त्यांना दाखवली.