सरकारचा दगड, वाडीचा वाघोबा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका. तुमच्या वर्गात 'दगड' कुणाला म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी साधासुधा दगड नाही, सरकारी दगड आहे. कमरेइतका उंच, चारी बाजूंनी घडवलेला आणि अंगावर इंग्रजी अक्षरं कोरलेला. ती अक्षरं मला स्वतःला आजवर वाचता आलेली नाहीत. तरी ती आहेत या एवढ्याच कारणावरून मी रुबाबात उभा असतो.

माझा जन्म अकोले तालुक्यातल्या एका डोंगराच्या काळ्या कातळात झाला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जंगल आपलंच आहे असं त्यांना वाटलं. असं त्यांना पुष्कळ गोष्टींबद्दल वाटायचं. जंगल आपलं म्हटलं की त्याला हद्द आली, आणि हद्द आली की दगड आला. पाथरवटाने मला छिन्नीने घडवलं, गाडीत घातलं आणि उंबरदऱ्याच्या वाडीपाशी आणून टाकलं.

साहेब तट्टावर बसून आला. मला डोंगराच्या वरच्या धारेवर रोवायचं ठरलं होतं. तसं झालं असतं तर वाडी, झरा आणि हिरड्याची सगळी झाडं धारेच्या अलीकडे, वाडीकडे राहिली असती. पण ऊन मी म्हणत होतं आणि तट्टू चढावर अडून बसलं. साहेबाने पुढून ओढलं, शिपायाने मागून ढकललं. तट्टाने दोघांनाही लाथा झाडल्या, हयगय केली नाही. साहेबाच्या जेवणाची वेळ टळत चालली होती. शेवटी त्याने कपाळ पुसलं आणि तट्टू उभं होतं तिथेच छडी टेकवली.

"इधर!"

झालं. तट्टू अडलं आणि अख्खा डोंगर सरकारचा झाला. मोठमोठ्या सरदारांच्या घोड्यांनी मिळवलं नसेल एवढं रान त्या तट्टाने उभ्या उभ्या मिळवून दिलं.

वाडी ठाकरांची. त्यांचे आजे-पणजे याच रानात जन्मले आणि याच रानात मातीआड झाले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका नेहमीसारख्या झऱ्यावर गेल्या आणि चोर ठरल्या. झरा तोच, हंडे तेच, बायका त्याच. मधे फक्त मी उभा होतो.

सुरुवातीला वाडीतलं कुणी माझ्याशी बोलत नसे. शेळ्यासुद्धा मला वळसा घालून जात. मग एका हिवाळ्यात एक वाघ आला. त्याला पाठ खाजवायची होती. माझी एक कड त्याला फार पसंत पडली. त्याने मनसोक्त अंग घासलं, जांभई दिली आणि निघून गेला. ते कुणीतरी झाडावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला शेंदूर लागला, नारळ फुटला आणि मी वाडीचा वाघोबा झालो! वाघाला खाज सुटली आणि मला देवपण आलं. पुष्कळांचं मोठेपण असंच येतं, पण ते कबूल करत नाहीत.

देव झालो तशी कामंही वाढली. वाडीची एक रीत आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्याने सगळ्यांसमोर माझ्यावर उजवा हात ठेवायचा आणि काय चुकलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. कारणं द्यायची नाहीत. सांगून होईपर्यंत हात उचलायचा नाही. मग ज्याचं वाईट झालं त्याने चुकणाऱ्याच्या ओंजळीत पाणी घालायचं. तो पाणी प्यायला की भांडण मिटलं. पुन्हा कुणी तो विषय काढला तर काढणारा दोषी.

मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! बांध सरकवलेले, सासूला टोमणे मारलेले, शेजारच्याचे आंबे उतरवलेले. वाडीतला म्हातारा कचरू तरुणपणी इतक्यांदा आला की माझ्या खांद्यावर त्याच्या पंजाचा खळगा पडला आहे.

पण ज्याने मला रोवलं, तो कधी आला नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला. मी आनंदलो. म्हटलं, आता मला उपटून धारेवर नेतील. खाकी कपड्यातली माणसं आलीही, पण त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि चुना फासला. तेव्हापासून वर्षातून एकदा सरकार मला चुना लावतं आणि वाडी शेंदूर लावते. एक अंग पांढरं, एक अंग केशरी. वनखात्याचे लोक पांढऱ्या बाजूने येतात, पण जाताना केशरी बाजूला हळूच हात जोडतात.

आता ठमाबाईची गोष्ट सांगतो. इथे मात्र हसू नका.

ठमाबाई लहान होती तेव्हा तिचा बाप, बुधा मेंगाळ, माझ्या पलीकडे हिरडे वेचायला गेला. त्याच्या आजाने राखलेली झाडं होती ती. खाकी कपड्यातल्या माणसाने त्याला धरलं, कोयता काढून घेतला आणि त्याच्याच मुंडाशाने त्याचे हात बांधले. पोर मला मिठी मारून बघत होती. तिची आसवं माझ्या अंगावरून ओघळली. मी दगड, मी काय करणार? बुधा सुटून आला, पण बाजारात त्याला लोक चोर म्हणू लागले. ठमीला चोराची पोर म्हणू लागले. बुधा मरेपर्यंत त्या झऱ्याचं पाणी प्यायला नाही.

ठमाबाई म्हातारी झाली. आणि गेल्या चैत्रात वाडीत मांडव पडला. रानावरचा सामूहिक हक्क सरकारने मान्य केला होता. झरा, हिरडे, धारेपर्यंतचं सगळं रान पुन्हा वाडीचं! माझ्याशेजारी सतरंजी अंथरली, खुर्च्या लागल्या. प्रांत अधिकारी दीपा मॅडम आल्या, तहसीलदार आले, आणि वनरक्षक गहिनीनाथ आला. हा गडी जामखेडकडचा, नवा नवा बदलून आलेला. इथल्या चढांना तो इतका घाबरे की उतरतानासुद्धा त्याला धाप लागे.

सगळ्यांत वडीलधारी म्हणून हक्काचा कागद ठमाबाईच्या हाती द्यायचा होता. मॅडमनी कागद पुढे केला. ठमाबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"कागुद मागनं," ती म्हणाली. "आधी वाघोबाला हात लावा."

"नमस्कार करायचाय का, आजी?" मॅडमनी विचारलं.

"नमस्कार न्हाई, बाय. चूक बोलायची. माझा बा चोर नव्हता. सरकारनं त्याला चोर केला. ज्यानं केला त्यानं इथं हात ठिवून बोलावं. मंग मी कागुद घेते. न्हाई तर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

 मग तहसीलदार पुढे आले. हात मात्र त्यांनी माझ्यापासून लांबच ठेवला. म्हणाले, "त्या काळात जर कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर..."

"जर-तर चालत न्हाई हितं!" कचरू ओरडला. "मला बी कधी चालू दिलं न्हाई!"

"पण आजोबा, हे सगळं इंग्रजांनी केलं," तहसीलदार म्हणाले.

"इंग्रज?" ठमाबाई म्हणाली. "माझ्या बाला धरला त्यो मराठीत शिव्या देत हुता. मी ह्या कानांनी ऐकल्यात. म्हनून दाखवू का?"

"नको, नको!" तहसीलदार घाईने म्हणाले. "हा विषय मुळात वनखात्याचा आहे." असं म्हणत ते एक पाऊल मागे सरले. ते सरले तसे त्यांच्या मागचे कारकून सरले. कारकून सरले तसे शिपाई सरले. सगळ्यांच्या मागे, मला लागून उभ्या असलेल्या गहिनीनाथला सरकायला जागाच उरली नाही. त्याचा तोल गेला आणि तो सावरायला त्याने हात टेकला, तो नेमका माझ्या खांद्यावर. उजवा!

"हात लागला!" वाडी एका आवाजात ओरडली. "बोल आता!"

"आवं, म्या पडलो फक्त!"

"हात उचलू नगं!" कचरू म्हणाला. "रीत हाय. बोलल्याबिगर हात उचलायचा न्हाई."

गहिनीनाथला घाम फुटला. त्याने मॅडमकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि डोळे मिटून भडाभडा बोलून टाकलं. "कचरूबाबा, तुमची तांबडी कोंबडी बिबट्यानं नेली नव्हती. म्याच तिचा रस्सा केला. चुकलं माझं."

"तरी मी म्हनतोय," कचरू म्हणाला, "बिबट्या पिसं चुलीत कसा जाळील! अरं, तूच पंचनामा करून गेलास की! पायाचे ठसे दावलेस मला!"

"ते बी म्याच काढले. बोटांनी."

मांडव हसून हसून आडवा झाला. मॅडमनी तोंडावर पदर धरला. कचरूने तांब्या आणला आणि गहिनीनाथच्या ओंजळीत पाणी ओतलं. "पी. आन् पुढच्या वक्ताला मला जेवायला तरी बोलीव."

गहिनीनाथ पाणी प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की तहसीलदारांना त्याचा हेवा वाटला असावा.

ठमाबाई मात्र हसली नव्हती. "त्यानं त्याचं सांगितलं," ती म्हणाली. "सरकारचं कोन सांगनार?"

"आजी, तुमच्या वडिलांना धरलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते," मॅडम हळूच म्हणाल्या.

"बाय, ही झाडं माझ्या पणज्यानं राखली. मी तरी कुठं जन्मले हुते? पर आमी ती आमची म्हनतो. तुमाला रान वारशानं आलं, जीप आली, खुर्ची आली. ते समदं घेतलंत. चूक तेवढी घाटात टाकून आलात व्हय?"

मॅडमनी पर्समधून मोबाईल काढला. वरिष्ठांना विचारावं असं त्यांच्या मनात असावं.

"रेंज वरल्या धारंवर येती," कचरू म्हणाला.

मॅडमनी तो चढ पाहिला. क्षणभर त्या तट्टासारख्याच अडल्या. मग त्यांनी मोबाईल पर्समध्ये परत टाकला आणि चपला काढल्या.

"मॅडम," तहसीलदार कुजबुजले, "यावर लेखी खुलासा मागतील."

"मागू देत. जे तोंडाने बोलणार आहे, तेच लिहून देईन."

त्यांनी उजवा हात माझ्यावर ठेवला. नुसती बोटं नाही, तळवा पुरता टेकवला. मी अनेक हात अनुभवले आहेत, पुरता टेकलेला हात खरा असतो.

"मी सरकारची अधिकारी म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "हे रान तुमचं होतं. तुम्हाला न विचारता ते घेतलं गेलं. इंग्रज गेल्यावर आम्ही ते परत द्यायला हवं होतं. दिलं नाही. उलट तुम्हालाच चोर म्हटलं. बुधा मेंगाळ यांनी चोरी केली नव्हती. त्यांना धरलं, बांधलं, ही सरकारची चूक होती. चुकलं आमचं."

 कचरू तांब्या घेऊन पुढे आला. ठमाबाईने तो हातात घेतला, पण पाणी ओतलं नाही.

"पुन्यांदा बोला," ती म्हणाली. "मला जरा कमी ऐकू येतं."

मित्रांनो, ठमाबाईला धारेवर पान पडलं तरी वाडीत ऐकू येतं. हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.  मॅडमही समजल्या असाव्यात. त्यांनी हात उचलला नाही. सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बुधाचं नाव आलं तसे ठमाबाईने डोळे मिटले आणि तिचे ओठ हलले. बापाला काहीतरी सांगत असावी. मग तिने ओंजळीत पाणी ओतलं. त्याच झऱ्याचं पाणी होतं ते. मॅडम प्यायल्या. तांब्यात उरलेल्या पाण्यातून ठमाबाईने स्वतः घोट घेतला, आणि कागद घेतला.

शेवटी तहसीलदारांना कामाची आठवण झाली. "आता हद्द इथे राहिली नाही," ते म्हणाले. "हा दगड काढून टाकावा लागेल."



"ऱ्हाऊ द्या त्याला," ठमाबाई म्हणाली. "सरकार लई मोठं हाय. एका दिसात त्याला समदं कुठं आठवतंय? अजून यायचं हाय त्याला हितं."

तेव्हा मी आहे तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई पाटी घेऊन हिरड्याला गेली. इतकी वर्षं माझ्या पलीकडे पाऊल टाकताना ती आधी मागे वळून बघायची. त्या दिवशी नाही बघितलं. भर उन्हात, मधल्या वाटेने, मोठ्याने गाणं म्हणत गेली. गाणं बेसूर होतं. पण ते खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जावं अशीच तिची इच्छा होती.

हल्ली वाडीत कुणी साहेब आला की तो मला लांबूनच मान लववतो, दोन्ही हात खिशात घालून. मला वाईट वाटत नाही. दगडाला धीर धरता येतो, आमचा तो धंदाच आहे.

तुम्ही मात्र कधी या बाजूला आलात तर जवळ या. माझ्या अंगावर आपलं नाव कोरू नका, माझ्यावर चढून फोटो काढू नका. मोठ्यांकडून घर, शेत, नाव घेता ना? मग त्यांचं काही चुकलं असेल तर तेही उचलून घ्या, मधेच टाकू नका. आणि हात ठेवायची पाळी आली तर ठेवा. चैत्रात मी चांगला तापलेला असतो, पण अजून कुणाचा हात भाजलेला मी पाहिलेला नाही.