पान वाढलं की सांगा

गिऱ्हाईक दुकानात आलं की चष्मेवाला आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचा, दोन्ही काचांवर फवारा मारायचा, मऊ फडक्याने लख्ख पुसायचा आणि मग विचारायचा, "बोला, काय त्रास आहे?" निम्म्यांचा त्रास तेवढ्यात गेलेला असे. या पद्धतीवर त्याचा इतका विश्वास की संसारातही त्याने दुसरी वापरली नाही. बायको काही बोलायला लागली की तिचं वाक्य संपायच्या आत त्याचा उपाय तयार. काच स्वच्छ, पुढचं गिऱ्हाईक.

बायको तिच्या बहिणीकडे गेली होती, तासाभराच्या गाडीवर. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. गुडघा बरा झाला, चालायला लागला, जिने चढायला लागला, मैत्रिणींबरोबर सहलीलाही जाऊन आला. बायको मात्र तिथेच. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

शेजारचा शिंपी सकाळी शटर वर करताना न चुकता विचारायचा, "काय शेठ, गुडघा कसा आहे?"

"वाकतोय."

"आणि वहिनी?"

"ती नाही."

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. झाडासाठी. जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिडकीत तिचा मनीप्लांट होता आणि तो पिवळा पडत चालला होता, कारण तिची आठवण आली की चष्मेवाला त्याला पाणी घालायचा.

"मुळं कुजलीत त्याची," ती म्हणाली. "कुजकी कापून टाका, माती बदला. आणि मुळं सावरेपर्यंत पानांवरून खायला द्या."

"पानांवरून?"

"कपाटात खताची बाटली आहे. वर लिहिलंय त्याच्या निम्मंच घ्या, पाण्यात मिसळा आणि सकाळी फवारा. पानांच्या खालच्या बाजूलाही. खालूनच जास्त आत जातं."

"बरं. तू कशी आहेस?"

"बरी. पाणी घालू नका."

त्याने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. खत निम्मं, वेळ सकाळची, पान उचलून खालूनही फवारा. मनीप्लांट काही सुधारला नाही. मात्र इतका चकचकीत आजारी मनीप्लांट आसपास कुणाकडे नसेल.

शेवटी एका रविवारी ती झाड बघायला आली. चष्मेवाल्याची नजर आधी तिच्या पिशवीवर गेली. मुक्कामाचे कपडे मावतील का, याचा त्याने अंदाज घेतला. मावत नव्हते.

"दाखवा बरं, कसं करता ते."

त्याने पान हातावर घेतलं, वरून फवारलं, खालून फवारलं, खिशातून काचा पुसायचं फडकं काढलं आणि पान लख्ख पुसलं.

"हे काय?"

"काय?"

"पुसता कशाला?"

"डाग राहतात."

ती मटकन खुर्चीत बसली. "अहो, वाढलेलं पान उचलून नेताय त्याच्यासमोरून! दोन घास तरी घेऊ द्या. लगेच पुसलं तर आत काय जाणार?"

तो फडकं मुठीत धरून उभा राहिला. तिने बाटली घेतली, उरलेली पानं फवारली आणि थेंब तसेच राहू दिले. मग झाडाकडेच बघत म्हणाली, "शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही मला. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म आणून दिलात."

फॉर्म चांगला होता, पहिला महिना निम्म्या फीमध्ये होता. हे चष्मेवाल्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"ताईकडे मी बोलते, ती विणत बसते. ऐकते की टाके मोजते, देव जाणे. पण मध्ये उपाय सांगत नाही."

यावर त्याच्याकडे उपाय होता. तोही त्याने गिळला. पानांवरचे थेंब हळूहळू वाळत गेले, ती बोलत राहिली, आणि गाडीची वेळ झाली तेव्हा त्याच्या पोटात इतके उपाय साठले होते की जेवायची इच्छाच उरली नव्हती.

दारात चपला घालताना ती म्हणाली, "नवीन पान वाढलं की सांगा."

दुसऱ्या दिवसापासून फवारणी झाली की तो हात पाठीमागे बांधून उभा राहू लागला. फडकं दुकानातच ठेवलं. तिथेही आता तो आधी "बोला" म्हणायचा आणि फवारा नंतर.

"शेठ," शिंपी वैतागून म्हणाला, "तुमची गिऱ्हाइकं हल्ली उठतच नाहीत. काल एकीने सुनेचं सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून ऐकता ऐकता मी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या!"

एका सकाळी मनीप्लांटच्या शेंड्याला हिरवी सुरळी दिसली. दिवसेंदिवस ती उलगडत गेली. पूर्ण उलगडली त्या दिवशी चष्मेवाल्याने दुकान दुपारीच बंद केलं. भात लावला, वरण केलं. भाजी चिरताना बोट कापलं. टेबलावर दोन ताटं मांडली आणि वेड्यासारखं दोन्हींत वाढूनही ठेवलं. मग स्वतःच फोन लावला.

"वाढलं का पान?" तिने विचारलं.

"वाढलं. दोन."

"दोन? एवढ्यात?"

"एक खिडकीत आहे. एक टेबलावर, तुझं."

पलीकडे एकदम शांत झालं. गाडी सव्वासहाची आहे, स्टेशनवर घ्यायला येतो, पोहण्याचं काढणार नाही, असं बरंच काही त्याच्या तोंडाशी आलं. त्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला. शांतता पुसली नाही.

"गार होईल ते," ती म्हणाली.

"होऊ दे."

मग पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"झाकून ठेवा. मोठी बॅग भरायला वेळ लागतो."