प्लेटच्या खड्ड्यातलं पाणी

काजळवाडीच्या पिठाच्या गिरणीमागं ज्ञानोबा सोनकांबळे उकिडवे बसले आणि त्यांनी अर्थिंग मोजायच्या टेस्टरचं हँडल तिसऱ्यांदा फिरवलं. तारा दोन्ही खुंट्यांपर्यंत नीट गेल्या होत्या. काटा थरथरत वर चढला आणि एकतीसवर थांबला. आधी दोनदाही तिथंच थांबला होता.

"झालं का समाधान?" मागून लातूरच्या वीज कार्यालयाचे शिवमूर्ती साहेब म्हणाले. "मी मोजलं तेव्हा एकतीस. तुम्ही मोजलं तरी एकतीस. तुमच्या तक्त्यात किती लिहिलंय?"

"चार," ज्ञानोबा म्हणाले.

तक्ता बघायची गरज नव्हती. तो त्यांना पाठ होता. अर्थिंगचा आकडा पाचाच्या आत असला तर गळालेली वीज सरळ जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. एकतीस असला तर फ्यूज तसाच राहतो, वीज यंत्राच्या पत्र्यावर बसून राहते आणि कुणी हात लावायची वाट बघते. इथं हात लावला होता दळण घेऊन आलेल्या तारामतीनं. पंधरा दिवसांपूर्वी ज्वारीची पाटी गिरणीच्या तोंडात ओतताना ती फेकली गेली. जिवावरचं हातावर निभावलं, पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती.

गिरणीवाला गुंडप्पा कुदळ घेऊन उभा होता. साहेबांनी मान हलवली तसा त्यानं प्लेटचा खड्डा एका बाजूनं उकरायला घेतला. उकरायचं काय होतं! काळी जमीन भेगाळून हात हात फाकली होती. ढेकळं नुसती उचलून बाजूला ठेवायची. पुरुषभर खाली जस्ताची चौकोनी प्लेट दिसली. तिच्या अंगाला थापलेला कोळशाचा थर वाळून कोरडा ठणठणीत झाला होता आणि माती त्याच्यापासून बोटभर मागं सरकली होती. प्लेट जमिनीत होती, पण जमिनीला लागून नव्हती.

"बघा सायब," गुंडप्पा म्हणाला, "कोळसा हाय, मीठ हाय. म्या कायबी चोरलेलं न्हाई. पाणी मातर टाकलं न्हाई. प्याला न्हाई तर हिला कुठून आणू?"

"तू गप रे," शिवमूर्ती म्हणाले.

ते तरुण होते, हुशार होते आणि दमलेले होते. लातूरचा नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, त्यातली शेवटची दोन दुष्काळात गेली होती. नव्या कार्यालयाला अजून दारं नीट लागत नव्हती, आणि गावोगाव खांब, डीपी, गिरण्या, पंप सगळं एकदमच उभं करायचं होतं. अर्थिंग कसलं घालायचं हे ठरवायला त्यांच्यापाशी दोन वर्षं नव्हती. नांदेडच्या कार्यालयातल्या म्हाताऱ्या ज्ञानोबांपाशी ती होती. त्यांनी नायगावकडच्या काळ्या मातीत आणि अहमदपूरकडच्या मुरमाड माळावर पाइप, प्लेट आणि लांब सळई अशी तीन तीन अर्थिंगं पुरली, दर महिन्याला मोजली आणि तक्ता केला. दुसऱ्या उन्हाळ्याचे आकडे आले तशी खात्यानं त्याची पुस्तिका काढली, मोजणी पुढंही चालू राहिली. 'काळ्या मातीत प्लेट उत्तम, उन्हाळ्यातही चार ओहमच्या वर जात नाही,' असं त्यात छापलं होतं. त्याप्रमाणं साठ गावांत प्लेटा पडल्या. आणखी शंभर गावांच्या प्लेटा गोदामात येऊन पडल्या होत्या.

गाडीकडं चालताना साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा सोनकांबळे, मला अहवाल पाठवायचाय. दोनच कारणं होऊ शकतात. एक तर तुमचा तक्ता चुकला, नाहीतर गिरणीवाल्यानं कोळसा-मीठ भरताना हयगय केली. तुमची सही लागेल. तुम्ही ऑगस्टात रिटायर. कशाला अंगावर घेता?"

"तक्ता मीच केलाय साहेब."

"म्हणूनच सांगतोय. वीस वर्षांनी लोक तुमची पुस्तिका बघतील. आता गुंडप्पाचं कनेक्शन चार महिने बंद राहील, दंड होईल, विषय संपेल. दहा दिवसांत काय ते कळवा."

ज्ञानोबांनी टेस्टर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. बोलायच्या वेळी गप्प बसण्याची त्यांना जन्माची सवय होती. वाचायचं, मोजायचं, लिहायचं, एवढं त्यांना जमायचं. चारचौघांत बसून चहा पिणंही त्यांना जड जायचं. ती पुस्तिका हातात आली तेव्हा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर 'मापन व संकलन : ज्ञा. मा. सोनकांबळे' ही ओळ त्यांनी कितीदा तरी वाचली होती. छापलेलं त्यांचं नाव तेवढंच. अहमदपूरला शिक्षिका असलेल्या त्यांच्या मुलीनं, सिंधूनं, पुस्तिकेला खाकी कव्हर घालून दिलं होतं.

एसटीत खिडकीपाशी बसून ते नांदेडपर्यंत एकच विचार करत राहिले. काळी माती तीच. प्लेट तीच. दुष्काळ तर दोन्हीकडं सारखाच. मग नायगावकडं चार आणि इथं एकतीस कसे? टेस्टर बिघडला म्हणावं तर इथंही तोच होता. आपल्यालाच आकडा नीट वाचता आला नसेल काय? दोन वर्षं, चोवीस वेळा? म्हातारपणी माणूस आपल्याला हवा तो आकडा वाचतो की काय, या शंकेनं त्यांना बसच्या धक्क्यांपेक्षा जास्त दमवलं.

मोरतळी हे नायगावकडचं गाव. तिथं ते दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जायचे. सगळ्या गावाला तो वार ठाऊक झाला होता. ज्ञानोबा या वेळी शुक्रवारीच निघाले. नायगावला उतरून दोन कोस चालत गेले. खांद्याला टेस्टर, हातात वहीची पिशवी आणि पाण्याचा थर्मास. तो थर्मास ते कधी विसरत नसत. ज्या गावात आपण ओळखीचे नाही तिथं पाणी मागायचं नाही, हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं होतं. बापाला ते फार कडू रीतीनं शिकावं लागलं होतं. आता काळ बदलला होता, बौद्ध होऊनही तीस वर्षं होत आली होती, कुणी काही म्हणालंही नसतं कदाचित. पण 'कदाचित' या शब्दावर कुणाच्या दारात हात पुढं करायला ज्ञानोबांचं मन धजत नसे. ते यायचे, मोजायचे, लिहायचे, लिंबाखाली आपलं पाणी प्यायचे आणि जायचे.

तीन अर्थिंगांपैकी पाइप आटलेल्या विहिरीपाशी होता. सळई लिंबापलीकडच्या पडीक रानात होती. प्लेट तेवढी गावाच्या कडेला, चतुराबाईच्या घराच्या भिंतीलगत पुरलेली होती. चतुराबाई सत्तरीची, एकटी, दहा एकर कोरडवाहूची मालकीण. दोन वर्षांत ज्ञानोबा तिच्याशी 'राम राम' यापलीकडं बोलले नव्हते.

आज ते वळणावरून आले आणि जागीच उभे राहिले. चतुराबाई भांडी घासलेल्या पाण्याची बादली दोन्ही हातांनी ओढत भिंतीपाशी आली. कमरेवर हात ठेवून जरा दम खाल्ला, आणि मग ते राखाडी पाणी हळूहळू, थेंब वाया जाणार नाही असं, प्लेटच्या खड्ड्यात ओतलं.

"माय!" ज्ञानोबांच्या तोंडून निघालं. "हे काय करून राहिल्या?"

ती दचकली. मग ओळख पटून हसली. "अगो बाई, सायब! आज कसं काय? तुमचा मंगळवार तर लांब हाय."

"पाणी... या खड्ड्यात का टाकता?"

"मग? टाकू नगं? पयल्या साली लाइनमन म्हणला हुता, आजी, अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी दाखवीत जा, वीज ठंडी ऱ्हाती. तवापासून रोज टाकती. घासलेलं, धुतलेलं. तुमी यायच्या आदल्या सांजला मातर चांगलं टाकती. घागरभर. टँकरचं."

"टँकरचं?"

"हाव."

"तुम्हाला किती मिळतं टँकरचं?"

"पाच घागरी. दोन दिसाआड." तिनं बादली पालथी घातली आणि तिच्यावरच बसली. "तुमी पयल्या उन्हाळ्यात आलता, त्या डब्याचं कान पिळलं, आन तुमचं तोंड असं झालं," तिनं ओठ खाली ओढून दाखवले, "जणू घरचं माणूस गेलंय. म्या म्हणलं, येवढ्या लांबून येतंय बापडं, त्याचा काटा तर सरळ ऱ्हावा. मग दुसऱ्या खेपेपून पाणी वाढवलं. तवा तुमी काय खूश झालता! हसलाबी हुता जरासं. म्या भिंतीआडून बघितलं."

ज्ञानोबांना तो महिना आठवला. पहिल्या मे महिन्यात प्लेटचा आकडा सव्वीस आला होता. पुढं तो चारावर आला तेव्हा त्यांनी सव्वीसवर रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'वाचनात चूक असावी.' स्वतःवर संशय घ्यायची त्यांना एवढी सवय, की खरा आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला होता.

"मला सांगायचं तरी, माय."

"कवा सांगावं?" ती तडकून म्हणाली. "तुमी बसता का कवा? दोन साल झाले, येता आन जाता. येकदा तरी म्हणला का, माय, घोटभर पाणी दे? ती बाटली घिऊन लिंबाखाली जाऊन बसता. म्या दोनदा तांब्या भरून उंबऱ्यात उभी ऱ्हायले. पर तुमी बगितलंच न्हाई इकडं. म्हणलं, सायबाला आपलं पाणी चालत नसंल. मग निदान खड्ड्याला तरी द्यावं."

ज्ञानोबांनी खांद्यावरचा टेस्टर खाली ठेवला. आपलं पाणी त्यांना चालत नसेल, असं ते आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल समजत आले होते. इथं कुणीतरी तेच त्यांच्याबद्दल समजून दोन वर्षं उंबऱ्यात उभं होतं.

"माय," ते म्हणाले, "आठ दिवस टाकू नका. एक थेंबही नको. सांडपाणीसुद्धा पलीकडं टाका."

"आन मंग काटा बिघडला म्हंजी?"

"बिघडू द्या."

"तुमाला बोलणी बसतील न्हवं का वरून?"

"बसतील."

तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "लई येडा कारभार हाय तुमचा," ती म्हणाली, पण बादली उचलून पलीकडं ठेवून आली.

आठ दिवसांनी ते परत आले. ऊन असं होतं की टेस्टरची पेटी हाताला पोळत होती. आधी त्यांनी रानातली सळई मोजली. ती दहा फूट खोल ठोकलेली होती. तिला कुणी पाणी घातलं नव्हतं की कुणी विचारलंही नव्हतं. सात. गेल्या उन्हाळ्यातही सातच होते. खाली कुठं तरी ओल शिल्लक होती आणि सळई तिथपर्यंत पोचली होती. चाराशेजारी तो सात दोन वर्षं वहीत फिका दिसत आला होता. मग ते भिंतीपाशी आले, खुंट्या ठोकल्या, हँडल फिरवलं. चतुराबाई ओट्यावर पदर डोक्यावर ओढून बसली होती आणि काट्याकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

चौतीस.

"बिघडला," ती म्हणाली.

"हाव, माय." त्यांनी आणखी दोनदा मोजलं. चौतीस, चौतीस.

तिच्या ओट्याच्या कडेला टेकून त्यांनी कार्बन घातलेले कागद मांडीवर घेतले. घरी जाऊन लिहावं असं वाटत होतं. घरी गेल्यावर आपण लिहिणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. मजकूर जमेना. 'स्थानिक रहिवाशांनी खड्ड्यात पाणी टाकल्यामुळे' असं वाक्य सुरू झालं, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या सुरकुतलेल्या पावलांकडं लक्ष गेलं तसं त्यांनी ते खोडलं. मग लिहिलं:

'प्लेटचे चोवीस महिन्यांचे आकडे ओल्या खड्ड्याचे असून ग्राह्य धरू नयेत. मापकाने जागेवर कोणाकडेही चौकशी केली नाही. पहिल्या उन्हाळ्याचा सव्वीस हा आकडा तेवढा बरोबर होता, तो मापकाने खोडला. कोरड्या काळ्या मातीत प्लेट निरुपयोगी आहे. दहा फुटी सळई घालावी. घातलेल्या साठ प्लेटांचे अर्थिंग तातडीने बदलावे. काजळवाडीच्या गिरणीमालकाचा दोष नाही.'

खाली सही केली. 'मापक' या शब्दावर त्यांची नजर अडली. तो खोडून त्यांनी तिथं आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या ठिकाणीही लिहिलं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर होतं तसंच, आद्याक्षरांसकट.

चौकशी लागेल. ऑगस्टाच्या निरोपसमारंभाला कुणी येईल की नाही, सांगता येत नव्हतं. गोदामातल्या शंभर प्लेटा कुणाच्या गळ्यात पडतील या काळजीनं शिवमूर्ती साहेब महिनाभर चिडलेले राहतील. मग सळया मागवतील. ते वाईट नव्हते. अंग सगळं जड झालं होतं, कुणी इथंच झोपा म्हटलं असतं तर ते ओट्यावर आडवे झाले असते.

"काय लिवलं येवढं?"

"माझी चूक लिहिली."

"आन माझी?"

"तुमची कुठली, माय?"

तिनं पावलं लुगड्याखाली ओढून घेतली. पलीकडच्या आळीत टँकरचा भोंगा वाजला, पण ती उठली नाही. आज तिची पाळी नव्हती.

ज्ञानोबांनी थर्मास हलवून बघितला. अर्धा भरलेला होता. त्यांनी त्याचं झाकण घट्ट बसवलं आणि तो पिशवीत खाली, वहीच्याही खाली सरकवला. मग घसा खाकरला. सत्तावन्न वर्षांत ते असं कुणाच्या दारात बोलले नव्हते.

"माय, घोटभर पाणी असलं तर द्या."

"हाय की," म्हणत चतुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "घोटभरच हाय पण."