पेवातून ओ आली नाही

थोरल्या सुनेची एक खोड मला कधी खपली नाही. हाक मारली की ओ द्यायची नाही. त्या दिवशी परसाकडं तोंड करून दोन-तीनदा हाकारलं. चिडीचूप. सकाळी मी एवढंच बोलले, की पेव रिकामं करायचं राहिलंय. तेवढ्यावर बाईसाहेब फुगल्या! फुगेनात का. मीही तिची सासू. ओट्यावर परसाकडं पाठ करून टेकले.

टेकते न टेकते तोच शेजारचा लोहार शेळी हुडकत आला. "वहिनी, पेवाचं झाकण उघडं का टाकलंय? शेळी पडली असती की माझी!"

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला धान्याचा खड्डा. कोंडलेली हवा माणूस गिळते. म्हणून आम्ही झाकण काढून आधी वारा लागू देतो, मग आत कंदील सोडतो. तो जळत राहिला तरच उतरायचं.

कंदील तर माझ्या शेजारी, ओट्यावरच होता.

परसात धावले. दोराचं एक टोक खुंट्याला, दुसरं आत अंधारात. कंदील पेटवून सोडला. थोडा खाली गेला आणि विझला.

"पोरी!"

ओ नाही. मी पाय आत टाकला तसा लोहारानं दंड धरला. "एकीची दोन मढी करायचीत का? दोर ओढा!"

ओढला. उतरताना तिनं तो कमरेला बांधला होता. तळहात सोलून निघाले. तोंडात देवाचं नावसुद्धा आलं नाही. नुसतं, "ओ दे गं, ओ दे." डोकं वर आलं, ओठ निळे पडलेले. लोहारानं तिला वाऱ्याला निजवलं, मी सुपानं वारा घालत राहिले. मेली, मेली, असंच मन म्हणत होतं. मग ती खोकली.

डोळे उघडले आणि पहिलं काय बोलावी? "आत्याबाई, चुकले. राहिलंय म्हणालात ते मलाच ना? तुम्ही रागात, कंदील मागायचा धीर होईना."

"अगं, तुला नाही, मी पेवाबद्दल बोलले होते!"

"काविळीला सगळं पिवळंच," लोहार घाम पुसत पुटपुटला. कुणाला म्हणाला, ते मी विचारलं नाही.

तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हटलं, "ऐक. मला जिथं तिथं माझा अपमान दिसतो, तुला जिथं तिथं तुझीच चूक. दुखणं एकच. आजपासून मी काही बोलले, की 'कुणाला बोललात?' म्हणून तोंडावर विचारायचं. आणि तू ओ दिली नाहीस, तर मी आधी पेवात बघेन. रुसायचं ते नंतर रुसेन."